कादंबरीचं नाव दोनदा वाचलं जातं

पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांची नावाशी गाठ साधारण दोन प्रकारे पडते. काहींना पहिल्याच दिवशी नाव सुचतं आणि पुढची सगळी कादंबरी त्या नावामागे फरपटत जाते. काहींचं हस्तलिखित साफ होऊन प्रकाशकाकडे जायची वेळ येते तरी वरची ओळ कोरीच असते. मग घाईघाईत 'प्रवास' किंवा 'शोध' असं काहीतरी लिहून मोकळं व्हावं लागतं. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी काय आणि कोणत्या क्रमानं करायचं ते पुढे दिलं आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. वाचक कादंबरीचं नाव दोनदा वाचतो. पुस्तक उचलताना एकदा, तेव्हा आत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. शेवटचं पान संपवून पुस्तक मिटताना दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी नावानं त्याला थांबवायला हवं, दुसऱ्या वेळी त्याच शब्दांत त्याला आणखी काही दिसायला हवं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 साली आली. नावावरून युद्धकथा वाटते. कथा मात्र युरोपातून निघालेल्या एका जहाजावरच्या प्रेमाची आहे. वाचून संपल्यावर ते नाव चुकीचं वाटत नाही, उलट दुसरं कुठलं नाव तिथे बसलंच नसतं असं वाटतं. हे दुसरं वाचन नवे लेखक विसरतात. त्यांचा सगळा जोर मुखपृष्ठावर उठून दिसण्यावर असतो.

पहिली पायरी: खर्ड्याला मुद्दाम साधं नाव द्या

लिहायला सुरुवात करताना फाइलला नाव हवंच. ते जितकं नीरस असेल तितकं बरं. मुख्य पात्राचं नाव, जागेचं नाव, नाहीतर 'घराची कादंबरी' असलं काहीतरी चालेल. सुरुवातीलाच देखणं नाव दिलं की ते हुकूम सोडायला लागतं. 'वादळवाट' नाव ठेवलं की प्रत्येक प्रकरणात कुठून तरी वारा सुटतो.

मोठ्या कादंबऱ्यांनाही आधी कामचलाऊ नावं होती. टॉल्स्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चा सुरुवातीचा भाग 1865 मध्ये 'रशियन मेसेंजर' या नियतकालिकात छापला गेला तेव्हा त्यावर '1805 साल' एवढंच होतं. कथा पुढे 1812 पर्यंत आणि त्याही पलीकडे गेली, त्यामुळे ते नाव टिकणं शक्यच नव्हतं. तुमचीही कादंबरी लिहिता लिहिता कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून नावाचं खरं काम पहिला पूर्ण खर्डा हातात आल्यावरच सुरू करा.

दुसरी पायरी: पेन्सिल घेऊन स्वतःचा खर्डा वाचा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. नाव बाहेरून आणायचं नसतं, बहुतेक वेळा ते खर्ड्यात कुठेतरी पडलेलं असतं, आणि आपण ते गोष्टीच्या ओघात लिहून पुढे गेलेलो असतो.

समजा, कादंबरी अशी आहे. सुमती आयुष्यभर मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका दुरुस्त करण्याचं, काम करून निवृत्त झाली आहे. नवरा वारल्यावर त्याच्या जुन्या रोजनिश्या तिच्या हाती लागतात. हाताच्या सवयीनं ती लाल शाईनं त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करायला लागते. पुढे तिला तारखा चुकलेल्या दिसतात, त्याही ती दुरुस्त करते. मग प्रसंग. भांडण कुणी सुरू केलं, माफी कुणी मागितली. शेवटी नवऱ्याचं आयुष्य तिच्या मनासारखं झालेलं असतं आणि ते कुणाचं आहे हे तिलाच कळेनासं होतं.

असा खर्डा वाचताना चार प्रकारच्या जागांखाली रेघा मारा.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू: लाल पेन, रोजनिश्यांचा गठ्ठा, एका वर्षाची गायब वही.

पात्रांच्या किंवा त्यांच्या धंद्याच्या तोंडचे शब्द: खाडाखोड, कच्चं मुद्रित, शुद्धिपत्र. शिवाय मुद्रितशोधकाची एक नेहमीची सूचना असते. एखादी दुरुस्ती चुकून केली असेल तर ती रद्द करण्यासाठी समासात 'आहे तसं ठेवा' अशा अर्थाची खूण करतात. सुमतीनं ती हजारो वेळा केली असणार.

जिथे कुणीतरी मनातलं बोलता बोलता थांबतं ती वाक्यं.

आणि जिथे कथा वळते ते पान. त्या पानावरचा प्रत्येक नाम आणि प्रत्येक क्रियापद नीट पाहा. विल्यम गोल्डिंगच्या 1954 सालच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित 'स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन' या नावानं प्रकाशकाकडे गेलं होतं. पुस्तक आलं 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' म्हणून. हे शब्द कथेतल्या ऐन मोक्याच्या प्रसंगातले आहेत, खांबावर लावलेल्या, माश्या घोंगावणाऱ्या डुकराच्या मुंडक्याचे. आधीचं नाव कादंबरीचा विचार सांगत होतं, नंतरच्यानं कादंबरीतली वस्तू दाखवली.

वाचून झाल्यावर सगळं एका कागदावर उतरवा. वीस-पंचवीस नोंदी सहज होतील. या टप्प्यावर चांगलं-वाईट ठरवू नका.

तिसरी पायरी: तीच कादंबरी वेगवेगळ्या साच्यांतून काढून पाहा

आता त्या नोंदींची नावं करायची. साचे नवे शोधायची गरज नाही. प्रत्येकातून तुमची कादंबरी एकदा काढा, बाकीचं आपोआप कळेल.

व्यक्तीचं नाव. 'सुमती'. अण्णाभाऊ साठ्यांची 1959 सालची 'फकिरा' अशी आहे. तिथे कादंबरी एका माणसाच्या खांद्यावर उभी आहे आणि नावातच त्याची जरब आहे. तुमचं पात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुस्तक एकट्यानं पेलत असेल तरच हा साचा वापरा. एरवी सामान्य वाटणारं नाव वाचकाला काहीच सांगत नाही.

गावाचं किंवा जागेचं नाव. जागा हेच मुख्य पात्र असेल तेव्हा हा साचा शोभतो. 'बनगरवाडी'त शाळामास्तर गोष्ट सांगतो खरा, पण लक्षात राहते ती वाडीच. आपली सुमती चार भिंतींत बसलेली आहे आणि त्या भिंती कुठल्याही गावात चालतील. तेव्हा हा साचा बाद.

पुराणातलं नाव. याचा एक मोठा फायदा आणि तेवढाच मोठा धोका आहे. 'ययाति' म्हटलं की भोगाची न संपणारी भूक, मुलाकडून मागून घेतलेलं तारुण्य हे सगळं वाचक स्वतःच घेऊन येतो. लेखकाचं निम्मं काम झालेलं असतं. पण वाचकाच्या डोक्यातली जुनी गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा जड असेल तर ती तुमची गोष्ट खाऊन टाकते. आजच्या काळातल्या एखाद्या बाईची कथा सांगताना तिला उगाच पौराणिक नावाची शाल पांघरू नका.

वस्तू किंवा धंद्यातला शब्द. 'लाल शाई', 'खाडाखोड', 'शुद्धिपत्र'. नवख्या लेखकानं सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते, खोटा आव आणत नाही आणि शेवटी अर्थ बदलायला तिच्यात जागा असते. 'शुद्धिपत्र' आधी नुसतं पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं चुकांचं पान असतं, वाचून संपल्यावर ते एका संसाराचं झालेलं असतं.

वाक्य किंवा वाक्याचा तुकडा. मराठीत याची परंपरा जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः येत होती. 'पण'नं सुरू होणारं नाव म्हणजे आधी बरंच बोलून झालंय आणि कुणी ऐकलेलं नाही. कादंबरीतल्या बाईचं सगळं दुःख त्या एका उभयान्वयी अव्ययात आहे. वाक्य वापरायचं तर त्यात असा आवाज हवा, कुणाचा तरी ओळखू येणारा. आपल्या यादीतलं 'आहे तसं ठेवा' या साच्यात बसतं.

कोडं किंवा मुद्दाम केलेली चूक. किरण नगरकरांच्या 1974 सालच्या कादंबरीचं नाव 'सात सक्कं त्रेचाळीस'. पाढा पाठ असलेला प्रत्येक जण तिथे अडखळतो. हा साचा फार चमकदार आहे, म्हणूनच एखाद्या लेखकालाच जमतो. जमला नाही तर नुसता वात्रटपणा उरतो.

दुसऱ्या कुणाच्या तरी ओळी. अभंग, ओवी, श्लोक, कविता. हेमिंग्वेनं 1926 मध्ये 'द सन ऑल्सो रायझेस' हे शब्द बायबलमधून उचलले. उसनी ओळ तिच्या मूळ वजनासकट येते. पण ओळ इतकी देखणी असेल की तिच्यापुढे तुमचं गद्य फिकं पडेल, तर ती आत अर्पणपत्रिकेजवळ छापा, मुखपृष्ठावर नको. कवितेच्या चार ओळी आत छापायच्या असतील आणि कवीचा स्वामित्वहक्क संपलेला नसेल तर परवानगी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी: बहुतेक नावं खोडा

आता यादीवर काट मारायची. आधी मोठे, धूसर शब्द: प्रवास, शोध, अस्तित्व, क्षितिज, सावल्या, नाती, वादळ, स्पर्श. हे शब्द वाईट नाहीत, पण कुठल्याही कादंबरीला बसतात. साधी कसोटी लावा: हेच नाव शेजारच्या तीन वेगळ्या कादंबऱ्यांना देता आलं असतं का? आलं असतं, तर खोडा.

मग सार सांगणारी नावं. 'एका विधवेची रोजनिशी' म्हटल्यावर वाचकाला पुस्तक उघडायचं कारणच उरत नाही, शिवाय ती रोजनिशी तिची नाहीच. शेवट फोडणारी नावंही काढा.

'अमुक आणि तमुक' या जोडनावांकडे संशयानं पाहा. दोन नामं 'आणि'नं जोडली की काहीतरी गहन म्हटल्यासारखं वाटतं. दोघांत खरी ओढाताण असेल तरच ती जोडी ठेवा.

उरलेल्या नावांना दोनदा-वाचनाची कसोटी लावा. कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे लिहा: काहीच न वाचलेल्या माणसाला या नावातून काय वाटेल? उजवीकडे: शेवटचं पान वाचलेल्याला काय वाटेल? दोन्ही रकान्यांत एकच वाक्य आलं तर नाव सपाट आहे. डावा रकाना कोरा राहिला तर नाव खासगी आहे, ते तुम्हालाच कळतं. उजवा कोरा राहिला तर ती जाहिरात आहे.

'लाल शाई'च्या डाव्या रकान्यात चुका, शाळा, कदाचित रक्तही येईल. उजव्यात विशेष भर पडत नाही. 'शुद्धिपत्र' दोन्हीकडे भरतं. 'आहे तसं ठेवा' डावीकडे कुतूहल जागं करतं (कोण सांगतंय, काय ठेवायचं?) आणि उजवीकडे ती मेलेल्या नवऱ्याची विनवणी होते. ही विनवणी त्यानं कधी केलेली नाही. मला विचाराल तर मी हेच नाव उचलीन. 'शुद्धिपत्र' सुमती काय करते ते सांगतं. 'आहे तसं ठेवा' तिला काय जमत नाही ते सांगतं, आणि कादंबरी तिथेच राहते.

पाचवी पायरी: तोंडानं म्हणा, डोळ्यांनी पाहा

नाव वाक्यात वापरून बघा. 'तुम्ही "शुद्धिपत्र" वाचलीत का?' 'त्या "आहे तसं ठेवा"मधली बाई आठवते का?' वाक्याच्या शेवटी क्रियापद असलेल्या नावांना प्रत्यय लावताना जीभ थोडी अडखळते. ते फार खटकत असेल तर नाव आखूड करा. 'आहे तसं' एवढंही चालेल, फक्त त्यात हुकमाचा सूर हरवतो. फोनवर एकदा सांगून पाहा. समोरच्यानं दोनदा 'काय?' विचारलं तर ती तक्रार मनावर घ्या, कारण पुस्तकांची नावं माणसं एकमेकांना तोंडीच सांगतात.

मग ते पुस्तकाच्या कण्यावर आणि फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढ्या चित्रात कसं दिसेल ते पाहा. जोडाक्षरांची गर्दी, रफार, उकार, वेलांट्या एकावर एक आल्या की लहान आकारात अक्षरांचा गोळा होतो. दोन-तीन शब्दांचं नाव बहुधा सुटसुटीत बसतं. लांब नाव ठेवायचंच असेल तर त्याची दोन ओळींत तोड कुठे होईल ते आधी ठरवा, चित्रकारावर सोडू नका.

शुद्धलेखनाचीही अडचण असते. मराठीत तत्सम इकारान्त शब्द सुटे लिहिताना दीर्घ होतात, समासात पहिलं पद ऱ्हस्व राहतं. त्यामुळे 'शुद्धिपत्र' बरोबर असलं तरी शोधणाऱ्यांपैकी बरेच जण 'शुद्धीपत्र' लिहितील. मुद्रितशोधिकेच्या कादंबरीचं नावच लोकांनी चुकीचं लिहावं यात गंमत आहे, पण पुस्तक सापडलं नाही तर ती गंमत लेखकालाच महागात पडते. रोमन अक्षरांत टाइप करणारेही असतात. त्यांच्या दृष्टीनं नावाची किती स्पेलिंगं होऊ शकतात ते मोजा.

सहावी पायरी: हे नाव आधी कुणाचं आहे का?

ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूच्या, पुस्तकविक्रीची संकेतस्थळं, साधा शोध, सगळीकडे पाहा. नाटक, चित्रपट आणि मालिकाही पाहा, कारण शोधात पहिल्यांदा त्याच येतात.

सारखं नाव असणं हा बहुतेक देशांत गुन्हा नाही. नुसत्या शीर्षकाला सहसा स्वामित्वहक्काचं संरक्षण मिळत नाही. जर्मनीसारख्या काही देशांत मात्र शीर्षकांना वेगळं कायदेशीर संरक्षण आहे, आणि पुस्तकमालिकेचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं असू शकतं. 'मृत्युंजय' नावाची शिवाजी सावंतांची मराठी कादंबरी 1967 ची, कर्णावरची. त्याच नावाची बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची असमिया कादंबरी 1970 ची, 1942 च्या लढ्यावरची. दोन्ही आपापल्या जागी नांदताहेत. भाषा आणि विषय इतके लांब असतील तर चिंता नको. त्याच भाषेत, त्याच प्रकारचं, अलीकडचं पुस्तक असेल तर सरळ नाव बदला. तो वाद कायद्याचा नसतो, वाचकाच्या गोंधळाचा असतो.

अशा बदलानं नुकसानच होतं असंही नाही. जेन ऑस्टेननं 'फर्स्ट इम्प्रेशन्स' नावानं लिहिलेली कादंबरी 1813 मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' म्हणून आली. मधल्या काळात जुन्या नावाची दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली होती. जोसेफ हेलरच्या कादंबरीचं नाव 'कॅच-18' ठरलेलं होतं. 1961 मध्येच लिऑन यूरिसची 'मिला 18' येत असल्यानं आकडा बदलून 22 करावा लागला. आज तो आकडा न सुटणाऱ्या पेचाचं नाव म्हणून इंग्रजी शब्दकोशात आहे.

सातवी पायरी: दोन-तीन माणसांना विचारा

'नाव कसं वाटतं?' असं विचारू नका. लोक भिडेखातर 'छान' म्हणतात. उरलेली दोन-तीन नावं एकेका चिठ्ठीवर लिहून, कादंबरी न वाचलेल्याला विचारा: हे पुस्तक कशाबद्दल असेल? गंभीर की हलकंफुलकं? भयकथेच्या कपाटात ठेवाल की कुठे? 'आहे तसं ठेवा' वाचून कुणी गृहसजावटीचं पुस्तक म्हणालं तर हसून सोडून देऊ नका, त्यात तथ्य असू शकतं. एक उपाय मुखपृष्ठावरचं चित्र, दुसरा उपशीर्षक. भालचंद्र नेमाड्यांच्या 2010 सालच्या 'हिंदू'ला 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे उपशीर्षक आहे, आणि त्या एका शब्दाला नुसतं सोडलं असतं तर वाचकानं काय काय गृहीत धरलं असतं ते सांगायला नको. तरी कादंबरीला उपशीर्षक शक्यतो टाळाच, बहुतेक वेळा ते कमकुवत नावाला दिलेला टेकू असतं.

कादंबरी वाचलेल्याला दोन दिवसांनी, न दाखवता, नाव विचारा. त्याला आठवलं नाही किंवा त्यानं मोडतोड करून सांगितलं तर तीही माहितीच आहे. कधी कधी त्यानं मोडलेलं नाव मूळ नावापेक्षा चांगलं निघतं.

आठवी पायरी: प्रकाशकाकडे पाठवताना

हस्तलिखितावर एकच नाव ठामपणे लिहा. सोबतच्या पत्रात शेवटी दोन पर्यायी नावं द्या आणि पहिलं का निवडलं ते एका वाक्यात सांगा. संपादक नाव बदलायला सांगू शकतो, आणि तो दर वेळी चुकीचा नसतो. स्कॉट फिट्झजेराल्डला 'द ग्रेट गॅट्सबी'साठी 'ट्रिमाल्किओ' हवं होतं. ते प्राचीन रोमन साहित्यातल्या एका नवश्रीमंत यजमानाचं नाव आहे. संपादक मॅक्सवेल पर्किन्सनं त्याला त्यापासून परावृत्त केलं. 1925 मध्ये पुस्तक निघण्याच्या सुमारास फिट्झजेराल्डनं पुन्हा नवं नाव सुचवलं, पण तोवर उशीर झाला होता.

संपादकानं बदल सुचवला तर वर सांगितलेले दोन रकाने त्याच्यापुढे ठेवा आणि त्याच्या नावाचेही भरायला सांगा. त्याचं नाव दोन्हीकडे भरत असेल तर आपला हट्ट सोडायला हरकत नाही. फक्त डावा रकाना भरत असेल तर थोडं भांडा.

नाव पक्कं झालं की ते एकाच रूपात सगळीकडे जातंय ना ते तपासा: मुखपृष्ठ, कणा, आतलं शीर्षकपान, प्रत्येक पानाच्या डोक्यावरची ओळ, आयएसबीएनची (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाची) नोंद आणि ई-पुस्तकाची माहिती. एका जागी 'तसं' आणि दुसऱ्या जागी 'तसे' झालं तर सूचीत ती दोन वेगळी पुस्तकं होऊन बसतात. पहिल्या आवृत्तीनंतर हे निस्तरायला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो.